सुलीचे पाच ढीग

या अंकाच्या संपादकांनी फोन करून ‘तुमच्या सेवेतले अनुभव लिहा’ म्हटलं, तेव्हा मला हसूच आलं. सेवा देवाची करतात. मी नोकरी केली. पगार घेतला, आणि तो लांबला की ऑफिसात जाऊन भांडलेसुद्धा. पण ‘नोकरीतले अनुभव’ म्हटलं की कुणाला वाचावंसं वाटत नाही म्हणतात, तर असू दे सेवा.

कोल्हापुरातल्या एका वस्तीत, ओढ्याच्या कडेला, एका संस्थेच्या बालवाडीत मी तीस वर्षं काढली. एक खोली, पुढं व्हरांडा, वर पत्रा. तीन ते सहा वयाची तीस-पस्तीस पोरं, बाई मी एकटी, आणि मदतनीस आक्काताई. आक्काताई वस्तीतलीच, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. कुणाच्या घरात काल भांडण झालं, कुणाचं पोर उपाशी आलंय, हे तिला पोराच्या चालण्यावरून कळायचं. मी शिकलेली असून मला कळायचं नाही. माझं तोंड मात्र पहिल्यापासून फटकळ. ‘बाई मनानं चांगल्या, पण जिभेला हाड न्हाय’ असं आक्काताई माझ्या तोंडावर म्हणायची.

बाहेरच्या माणसाला वाटतं, बालवाडी म्हणजे बाराखडीची लहान शाळा. तसं नसतं. पोरानं आधी दुसऱ्याच्या हातातलं हिसकावण्याऐवजी मागायला शिकायचं. चपला जोडीनं ठेवायच्या. आत-बाहेर, जड-हलकं, मोठं-लहान हे सगळं हातानं करून बघायचं. मणी ओवायचे, माती मळायची, गाणी म्हणायची. पेन्सिल फार उशिरा. हे आईबापांना पटवण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. एकदा एक रिक्षावाला बाप तावातावानं आला. “बाई, सा महिनं झालं पोरगं येतंय, अजून अ लिवत न्हाय. नुसतं मणी ववायला लावतासा. त्येला काय हाराच्या दुकानात बसवायचंय?”

मी म्हटलं, “मणी ओवणारी बोटंच उद्या पेन्सिल धरतील. तुम्ही क्लच दाबायला शिकायच्या आधी गाडी रस्त्यावर काढलीत काय?”

त्यानं जरा विचार केला. “काढलीती की. पयल्याच दिवशी गटारात घातली.” मग स्वतःच हसला, आणि पोरगं दुसऱ्या दिवसापासून वेळेवर यायला लागलं.

एक पोरगी होती, ती काखेत कोंबडी घेऊन यायची. कोंबडी बाहेर ठेव म्हटलं की तीही बाहेर. शेवटी मी हात टेकले. एके दिवशी त्या कोंबडीनं खेळण्यांच्या टोपलीत अंडं घातलं. अंडं कुणाचं? कोंबडीवाली म्हणाली माझं, टोपलीत हात घातलेला म्हणाला मला घावलं. मी न्यायनिवाडा करायला पुढं होणार तेवढ्यात पोरांनी आपापसात ठरवून टाकलं. तापातून उठून त्या दिवशी पहिल्यांदाच आलेल्या एका बारक्याला त्यांनी ते अंडं दिलं. कोंबडीवालीनं स्वतः त्याच्या हातावर ठेवलं. मी तोंडात बोट घालून बघत राहिले. चार वर्षांची पोरं हो! असं काही बघितलं की वाटायचं, आपण इथं शिकवायला येतो की शिकायला?

पण हे सगळं सांगण्याजोगं, हसण्याजोगं. जे सांगायला जीभ जड होते ते सुलीचं.

दहा-बारा वर्षं झाली. सुली साडेचार वर्षांची, एकुलती एक. तिची आई सरजा आजऱ्याकडची. लग्नाआधी तिथं काजूच्या कारखान्यात कामाला होती. इथं आल्यावर चार घरची धुणीभांडी करायची. बाप दादू मार्केट यार्डात हमाल. पहाटे गेला की अंधार पडल्यावर परत. सरजा सुलीला सकाळी माझ्याकडं सोडायची, कामं उरकायची आणि एक वाजता बालवाडी सुटली की घेऊन जायची. त्यामुळं तिला अर्ध्या दिवसाचीच कामं धरता यायची. वस्तीतल्या बहुतेक बायकांचं असंच होतं. पोर लहान असलं की बाईच्या कमाईला एक वाजता कुलूप.

आमच्याकडं प्रत्येक पोराचं नोंदवहीत एक पान असायचं. रंग ओळखते का? स्वतःचे नाव सांगते का? मोठे-लहान ओळखते का? समोर ‘हो’ किंवा ‘नाही’ लिहायचं. हे पान पुढं पोराबरोबर पहिलीच्या शाळेत जायचं, म्हणून शाईनं लिहायचा नियम होता. मोठ्या-लहानासाठी मी चिंचोके वापरायची. सगळे मिसळून द्यायचे, पुढ्यात दोन वाट्या ठेवायच्या. मोठे एका वाटीत, लहान दुसऱ्या वाटीत. साधं काम, पोरं हसत-खेळत करायची.

सुलीनं दोन्ही वाट्या बाजूला सारल्या आणि फरशीवर ढीग मांडायला सुरुवात केली. पाच ढीग झाले. मी म्हटलं, “अगं, वाटीत घाल की. मोठे इकडं, लहान तिकडं.” तिनं माझ्याकडं बघितलं, ढिगांकडं बघितलं आणि बसून राहिली. मी चिंचोके पुन्हा मिसळून दिले. पुन्हा पाच ढीग. तिसऱ्यांदा माझा आवाज चढला, तेव्हा तिनं हात मांडीत घेतले आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. पुढच्या आठवड्यात तेच, त्याच्या पुढच्याही आठवड्यात तेच. मी वही उघडली आणि ‘नाही’ लिहून टाकलं.

तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मघाशी सांगितलं ना, जिभेला हाड नाही. एक वाजता सरजा न्यायला आली, तेव्हा दारात, चार बायकांसमोर, मी म्हटलं, “सरजा, तुझी पोरगी मंद आहे गं. मोठं-लहानसुद्धा कळत नाही तिला. वेगळ्या शाळेत दाखव कुठंतरी.”

सरजा म्हणाली, “बरं बाई.” सुलीचं बोट धरलं आणि गेली.

आठ दिवसांनी आक्काताई सतरंजी झटकता झटकता म्हणाली, “सुलीचं नाव काडा वहीतनं. परवा दुपारच्या गाडीनं तिचा बा तिला आजऱ्याकडं सोडाय चाललाय, आज्जीपाशी.”

“का गं?”

“का म्हंजे? तुम्हीच म्हणालासा की, मंद हाय. सरजाला काजू निवडायचं काम घावलंय एका व्यापाऱ्याकडं. सकाळी धा ते सांजचं सा. गोदामात पोरं चालत न्हाईत. शिकणारी पोरगी असती तर सरजानं काम सोडलं असतं. तिला शिकता येणारच न्हाय, मग कशापायी सोडायचं? आज्जीकडं शेरडामागं हिंडंल, पोटाला खाईल.”

मला चटका बसला, पण खरं सांगते, तेवढाच. नाव कमी करायचं तर पालकाची सही लागते, म्हणून मी दुपारी वही घेऊन त्यांच्या खोलीवर गेले.

दार उघडंच होतं. सरजा भिंतीला पाठ लावून बसलेली, पुढ्यात परात, परातीत काजूगर. व्यापाऱ्यानं हात बघायला म्हणून पसाभर माल घरी दिला होता. शेजारी सुली. दोघींची पाठ माझ्याकडं नव्हती, पण त्यांना मी दिसलेही नाही, इतक्या त्या कामात. सरजाची बोटं परातीत जात होती आणि गर आपापल्या जागी जाऊन पडत होते. फडक्यावर ढीग होते. मी मोजले. पाच.

तेवढ्यात सुलीनं एका ढिगातला एक गर उचलला आणि शेजारच्या ढिगात ठेवला. सरजानं वाकून बघितलं आणि म्हणाली, “व्हय गं, चुकलं माझं.”

मी तिथंच उंबऱ्यावर बसले.

“सरजा, हे पाच ढीग कसले?”

ती दचकली, पदर सावरला. “बाई! या की आत. आवं, ह्यो मोठा गर, ह्यो मधला, ह्यो बारका. ही पाकळी, म्हंजे उकललेला गर. आन् ह्यो तुकडा. परत्येकाचा भाव येगळा.”

मला एकदम त्या चिंचोक्यांतले उकललेले, फुटके चिंचोके आठवले. मी त्यांच्याकडं कधी बघितलंही नव्हतं. मी विचारलं, “आणि यातलं मोठं कुठलं, लहान कुठलं म्हणायचं?”

सरजा हसली. लहान पोराला समजावावं तसं तिनं मला समजावलं. “बाई, नुसतं मोठं आन् नुसतं ल्हान असं काय नसतंय. शेजारी काय ठेवलंय त्येच्यावर हाय. ह्यो मधला तुकड्यापाशी मोठा, पण मोठ्यापाशी ल्हान. आजऱ्याला आमची मुकादमीण सांगायची, डोळ्यानं तोलाय शिका. मला दोन वर्सं लागली. हिला म्या कायबी शिकवलं न्हाय, आजऱ्याला आयकडं गेलो की मी काजू निवडाय बसतो, तवा नुसती शेजारी बसून बघती. तिचा डोळा माझ्यापरीस बारीक हाय.”

आमच्या प्रशिक्षणात हेच शिकवायला एक बाई पुण्याहून आल्या होत्या, तक्ते लावून. ते सगळं ही सही करताना अडखळणारी बाई दोन वाक्यांत सांगून मोकळी झाली, आणि तिची साडेचार वर्षांची पोरगी ते करून दाखवत होती. मी दोन वाट्या घेऊन बसलेली. अशी लाज आणि असा आनंद एकाच वेळी मला जन्मात कधी झाला नव्हता.

“तिला कामाला बसवतेस काय गं?” मी तरीही विचारलं. बाईपणाची सवय.

“न्हाय ओ. आज नमुन्याचा माल घरात आला म्हणून बसलीया. गोदामात तर पाऊल ठेवू देत न्हाईत. पोरगीनं निवडाय बसावं म्हणून का मी आजरा सोडून आलो?” कोल्हापूरकडच्या बायका ‘मी आलो’च म्हणतात, नव्या वाचकांनी दचकू नये.

मी वही काखेत मारली. “सरजा, तिला पाठवू नको. माझं चुकलं.”

तिनं माझ्याकडं नीट बघितलं. “मग दुपारी तिला बगायचं कुणी, बाई? एकला तुमचं दार बंद.”

यावर मी ‘बघते काहीतरी’ म्हणाले आणि थेट संस्थेच्या ऑफिसात गेले. बालवाडी सहापर्यंत चालवा म्हणून अर्ज लिहिला, विनवलं, शेवटी आवाज चढवला. ‘खोली वापरा हवं तर, पण माणूस मिळणार नाही,’ एवढं पदरात पडलं. मी स्वतः थांबले असते, पण माझ्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. सकाळी त्यांच्यापाशी बसणारी बाई एकला निघायची. त्या दोन-तीन दिवसांपुरतं शेजारणीला बसवलं होतं, पण एरवी मला घर गाठावंच लागायचं.

तिसऱ्या दिवशी एक वाजता मी सहा आयांना व्हरांड्यात थांबवलं. सगळ्या दुपारच्या कामासाठी अडलेल्या. कुणाला मेसच्या चपात्यांचं काम मिळत होतं, कुणाला आणखी दोन घरं. आजच गाडी होती, म्हणून दादूही कामाला खाडा करून आला होता. खांबाला टेकून उभा, खांद्याला सुलीच्या कपड्यांची पिशवी. मी आपली भाषण देऊ लागले. वर्गणी काढू, एक बाई नेमू, अर्ज करू, मंजुरी आणू. आक्काताईनं सगळ्यांना चहा दिला. मधेच सरजा म्हणाली, “बाई, एवढं कशाला? पैरा करूया की.”

शहरातल्या वाचकांसाठी सांगते. आमच्याकडं गावात पेरणी-भांगलणीला मजूर परवडत नाहीत. मग आज सगळ्यांनी तुझ्या रानात राबायचं, उद्या माझ्या रानात. हातानं हात फेडायचा. याला पैरा म्हणतात. या सहाही बायका आजरा, चंदगड, गडहिंग्लज भागातून आलेल्या, लहानपणापासून पैऱ्यावर राबलेल्या. सरजाचं म्हणणं एवढंच, की शेतात चालतं ते इथं का नाही? सहा वार, सहा आया. रोज एकीनं दुपारी सगळी पोरं बघायची, बाकीच्या पाच कामावर. मी दोन दिवस ऑफिसचे जिने झिजवून जे सुटलं नव्हतं, ते या बायकांनी चहा निवायच्या आत सोडवलं. मी थक्क झाले. पुढं याच पैऱ्यातल्या चौघी सरजाच्या हाताखाली काजू निवडायला शिकल्या. आज त्यांचा स्वतःचा गाळा आहे, आजऱ्याहून थेट माल येतो आणि व्यापारी यांच्या दारात येऊन थांबतो. पण ते फार पुढचं.

त्या दिवशी मात्र वार वाटता वाटता घोडं अडलं. पाच जणींनी पाच वार उचलले. सहावा सरजाचा. सरजा खाली मान घालून म्हणाली, “नवीन काम हाय. शेठ वाराची सुट्टी देणार न्हाय.”

पारूबाई नावाची एक चंदगडची बाई होती, सरळ बोलणारी. ती म्हणाली, “मग तुझी पोरगी कशी ठिवायची गं? पैरा म्हंजे पैरा. जी राबत न्हाय तिच्या रानात कोण राबणार?”

कुणाला त्यात दुष्टपणा वाटला नाही. सरजाच म्हणाली, “बरोबर हाय तुजं.” मी म्हटलं, सहावा वार मी घेते, सासूबाईंचं काहीतरी करते. तर पारूबाई माझ्यावरच उखडली. “तुमचं पोर हाय व्हय हितं? तुमचा पैरा आमी कसा फेडायचा?” जिनं युक्ती काढली तीच बाहेर राहिली! मला रडू यायचं बाकी होतं.

सरजा उठली. “जाऊ द्या बाई. तसंबी तुमच्या वहीत ती मंदच हाय. फुडच्या शाळंत त्येच वाचत्याल. आजऱ्याला निदान कोण वही बगणार न्हाय.”

मी आत गेले, वही आणली, सुलीचं पान उघडलं आणि सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. मोठे-लहान ओळखते का? नाही. मग पेन काढलं, आणि लिहिता लिहिता एकेक शब्द वाचत गेले. “ओळखते. पाच प्रतींत निवडते. आधीच्या नोंदीतली चूक नोंद करणाऱ्या बाईंची आहे, मुलीची नाही.” खाली सही केली. चार बायकांसमोर बोलले होते, म्हणून त्याच बायकांसमोर म्हटलं, “सरजा, मी तुझ्या पोरीला मंद म्हणाले. मला माफ कर.”

मग खांबापाशी उभ्या असलेल्या दादूचा आवाज आला. तोवर मी त्या माणसाचा आवाज कधी ऐकला नव्हता.

“म्हंजे माझी पोरगी हुशार हाय म्हणा की.”

“माझ्यापेक्षा,” मी म्हटलं.

त्यानं पिशवी खांद्यावरनं काढून खाली ठेवली. “यार्ड आठवड्यातनं एक दीस बंद असतंय. त्या दिशी दुसरीकडं गाड्या भराय जातोय, त्ये सोडतो. त्यो वार मला द्या.”

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. पैऱ्यात बापयानं पोरं सांभाळायची? पारूबाईनं पदर तोंडाला लावला. “पोरांची नाकं पुसशील व्हय रं दादू?”

“गुळाच्या ढेपा उचलतोय रोज. नाक काय त्येच्यापरीस जड हाय?”

असा हशा उठला की आतली झोपलेली पोरं जागी झाली. पारूबाईनं आपला वार सोडून दुसरा घेतला, आणि यार्डाच्या सुट्टीचा दिवस दादूच्या नावावर लागला.

त्याचा पहिला वार आला. नणंद घरी आलेली, म्हणून मला बाहेर पडता आलं. खरं कारण काळजी. सहाच्या सुमाराला गेले तर खोलीत चिडीचूप. बाकीच्या आया आपापली पोरं घेऊन गेलेल्या. खेळणी टोपलीत, चपला दारात जोडीनं. दादू भिंतीला टेकून पाय पसरून बसलेला. सुली त्याच्या मांडीवर डोकं ठेवून गाढ झोपलेली. एवढा धिप्पाड गडी, पण श्वाससुद्धा बेतानं घेत होता.

मागून सरजा आली, कामावरनं थेट. ती दारातच थबकली. सुली जन्मल्यापासून बाप आणि लेक उजेडात असे एकत्र बसलेले तिनं बघितले नव्हते, हे तिनं मला पुढं कधीतरी सांगितलं. त्या वेळी काहीतरी बोलायचं म्हणून ती म्हणाली, “उठा की. घरला न्हाय जायाचं?”

दादूनं ओठांवर बोट ठेवलं.

“हळू बोल,” तो म्हणाला. “दोन तास झालं, पाय हलवला न्हाय मी. उठंल ती.”